रिकाम्या घरातील हीटिंग ताब्यात कसे ठेवावे?

कोकणातील मुसलमान कुटुंबांचे ब्रिटनशी नाते जुने आहे. आधी बोटीवरची नोकरी, मग कारखाने आणि दुकाने, अशा मार्गाने आपले अनेक बांधव तिकडे स्थायिक झाले. गावाची ओढ मात्र सुटली नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांना सुट्टी पडते, गावी लग्ने निघतात आणि सारे कुटुंब महिनाभरासाठी घराला कुलूप लावून निघते. शिवाय सध्या रमजान हिवाळ्यात येतो. २०२६ चा रमजान फेब्रुवारीतला, तर २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस सुरू होणारा. रमजानमध्ये उमऱ्याला जाणाऱ्यांचे घरही म्हणूनच ऐन थंडीत रिकामे राहते.

अशा वेळी घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे सेंट्रल हीटिंगचे, काय करावे? ती बंद करून जावे की चालू ठेवून? निघण्याच्या आदल्या रात्री घराघरांत हा वाद होतो. एक जण म्हणतो, रिकाम्या घरात गॅस जाळणे हा इसराफ आहे. दुसरा म्हणतो, बंद केले तर पाइप फुटतील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. योग्य उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे आणि ते हिशेबाने काढता येते. तिकडे राहणाऱ्यांना, त्यांच्या घरावर लक्ष ठेवणाऱ्या नातलगांना आणि प्लंबिंग किंवा वायरिंगचे काम शिकून परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणांना हा पाठ उपयोगी पडावा.

यंत्रणा कशी चालते?

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी आपल्याकडचा पाणी तापवायचा बंब डोळ्यांपुढे आणावा. बंबाच्या जागी गॅसवर चालणारा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी पंपाच्या साह्याने पाइपांमधून खोल्याखोल्यांत फिरते. प्रत्येक खोलीत भिंतीला पत्र्याची चपटी, पोकळ पेटी लावलेली असते. तिला रेडिएटर म्हणतात. गरम पाणी रेडिएटरमधून जाताना खोलीला ऊब देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे येते.

या फिरत्या पाण्यावर ताबा ठेवणारी तीन साधने असतात. पहिले टायमर, ते सांगते, हीटिंग किती वाजता सुरू व किती वाजता बंद करायचे. दुसरे भिंतीवरचा थर्मोस्टॅट. तो खोलीचे तापमान पाहतो, ठरवलेल्या अंशाच्या खाली गेले की बॉयलरला ‘पेट’ असा इशारा देतो आणि तेवढे झाले की थांबवतो. तिसरे रेडिएटरवरचे व्हॉल्व्ह. त्यावर १ ते ५ असे आकडे आणि बहुधा बर्फाच्या चांदणीची खूण असते. ही खूण गोठण्यापासून बचाव करण्यापुरत्या किमान उबेची असते.

टायमर वेळ पाहतो, थर्मोस्टॅट थंडी पाहतो. घरात माणसे असताना वेळेला महत्त्व असते, कारण आपण ठरावीक वेळी उठतो आणि झोपतो. घर रिकामे असताना वेळेला काही अर्थ उरत नाही. प्रश्न फक्त थंडीचा असतो.

पूर्ण बंद केल्याने काय होते?

पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. बंद पाइपात बर्फाचा बोळा तयार झाला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि पाइप किंवा त्याचा सांधा फाटतो. फाटलेल्या क्षणी कोणाला काही कळत नाही, कारण बर्फाने वाट अडवलेली असते. दोन दिवसांनी थंडी ओसरते, बर्फ वितळतो आणि मग पाणी सुरू होते. घरात माणूस असेल तर तो धावत जाऊन मुख्य नळ बंद करील. घर रिकामे असेल तर छतातून जमिनीपर्यंत पाणी आठवडे-आठवडे वाहत राहील. लाकडी जमीन फुगते, भिंतीचे प्लास्टर गळते, वायरिंग निकामी होते.

हे कधीतरी घडणारे नाही. डिसेंबर २०१० हा ब्रिटनमधील १९१० पासूनच्या नोंदींत सर्वांत थंड डिसेंबर ठरला. महिन्याचे सरासरी तापमानच शून्याखाली होते. त्या थंडीत एक नवीच अडचण पुढे आली. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती गॅस बॉयलर सर्वसाधारणपणे कंडेन्सिंग जातीचाच बसवावा असा नियम आहे. या बॉयलरमधून थोडे थोडे पाणी निथळते आणि ते एका बारीक नळीने बाहेर सोडले जाते. ही नळी घराबाहेरून गेली असेल आणि तीत पाणी गोठले, तर बॉयलर आपोआप बंद पडतो. त्या वर्षी असंख्य घरांत नेमके असेच झाले. म्हणजे हीटिंग चालू ठेवून गेले तरी ते चालूच राहील असे नाही. ही बाहेरची नळी जाड असावी, शक्य तितकी आखूड असावी आणि तिच्यावर पाणी न धरणारे वेष्टन असावे.

आता पैशाचा हिशेब

घराची ऊब बाहेर जाणे हे भोक पडलेल्या हंड्यासारखे आहे. हंड्यात पाण्याची पातळी जितकी उंच तितकी भोकातून येणारी धार जोरात. तसेच, घर बाहेरच्यापेक्षा जितके जास्त गरम तितकी त्याची उष्णता वेगाने निघून जाते. ‘हीटिंग बंद करून पुन्हा तापवण्यापेक्षा सतत चालू ठेवणेच स्वस्त’ असा समज अनेकांचा असतो, तो या कारणाने चुकीचा आहे. पातळी खाली ठेवली की गळती कमी होतेच.

एक उदाहरण घेऊ. एका मध्यम आकाराच्या घरातून, आतील व बाहेरील तापमानात एक अंशाचा फरक असेल तर २०० वॅट उष्णता बाहेर जाते असे धरू. बाहेरचे सरासरी तापमान ५ अंश, घर ३० दिवस रिकामे आणि गॅसचा भाव हिशेबापुरता एका युनिटला ६ पेन्स. युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, आपल्या विजेच्या बिलात असते तेच.

घर २० अंशांवर ठेवले तर फरक १५ अंशांचा. १५ गुणिले २०० म्हणजे ३००० वॅट, अर्थात ३ किलोवॅट. दिवसाला ७२ युनिट, महिन्याला २१६० युनिट, खर्च सुमारे १३० पौंड.

१५ अंशांवर ठेवले तर महिन्याला १४४० युनिट, सुमारे ८६ पौंड.

१२ अंशांवर ठेवले तर १००८ युनिट, सुमारे ६० पौंड.

८ अंशांवर ठेवले तर ४३२ युनिट, सुमारे २६ पौंड.

बॉयलरमध्ये काही उष्णता वाया जाते, म्हणून मीटरवरील आकडा याहून थोडा जास्त येईल. उलट, उन्हाची ऊब मिळाली तर थोडा कमी. घराघराची गळती वेगळी असते आणि भावही बदलतो, पण प्रमाण हेच राहील. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. नेहमीसारखे २० अंशांवर ठेवून जाणे ही खरोखरच उधळपट्टी आहे. आणि १५ व ८ अंश यांच्यातील फरक महिन्याला साठ पौंडांचा आहे. तेवढ्यासाठी घराची जमीन आणि छत पणाला लावावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

किती अंश ठेवावे? आधी विम्याचा कागद वाचा

घर कर्जावर घेतले असेल तर कर्ज देणारी संस्था इमारतीच्या विम्याची अट घालतेच. त्या पॉलिसीत रिकाम्या घराविषयी वेगळे कलम असते. घर सलग ३० दिवसांपेक्षा, काही पॉलिसींत ६० दिवसांपेक्षा, जास्त रिकामे राहिले तर पाण्याच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही, अशी तरतूद सर्रास आढळते. हिवाळ्याच्या महिन्यांत घर ठरावीक तापमानावर राखले पाहिजे, नाही तर यंत्रणेतील सारे पाणी काढून टाकले पाहिजे, अशीही अट अनेक पॉलिसींत असते. हा आकडा पुष्कळदा १५ अंश असतो, पण पॉलिसी वेगळी तर आकडाही वेगळा. काही कंपन्या ठरावीक दिवसांनी कोणीतरी घर पाहून यावे असेही म्हणतात.

म्हणून तापमान शेजाऱ्याला विचारून ठरवू नये, पॉलिसी पाहून ठरवावे. पॉलिसीत आकडा असेल तर तोच ठेवावा. नसेल तर १० ते १२ अंश हा बऱ्याच घरांसाठी समंजस मध्यममार्ग आहे. मुक्काम ३० दिवसांहून अधिक होणार असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच कंपनीला लेखी कळवावे. गावी गेल्यावर मुक्काम वाढला तरीही कळवावे. वर्षानुवर्षे हप्ते भरलेले असूनही एका न वाचलेल्या कलमामुळे दावा फेटाळला जाऊ शकतो.

ताबा ठेवण्याची साधने

साधा थर्मोस्टॅट असेल तर टायमर ‘सतत चालू’ वर ठेवावा आणि थर्मोस्टॅट ठरवलेल्या अंशावर आणावा. ‘सतत चालू’ याचा अर्थ बॉयलर सतत जळणार असा नाही. थर्मोस्टॅट हाक देईल तेव्हाच तो पेटेल. पुष्कळ लोक याच्या उलट करतात. टायमर सकाळी एक तास व संध्याकाळी एक तास लावून जातात. मग पहाटे तीन वाजता बाहेर उणे ८ अंश असताना थर्मोस्टॅटने कितीही हाका मारल्या तरी टायमर बॉयलरला पेटू देत नाही. नव्या साधनांत ‘हॉलिडे’ नावाची सोय असते. तीत जाण्याची व येण्याची तारीख आणि तापमान भरले की पुरे.

रेडिएटरच्या व्हॉल्व्हबाबत एक खबरदारी घ्यावी. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ज्या खोलीत किंवा पॅसेजमध्ये आहे तेथील रेडिएटर उघडा असलाच पाहिजे. तो बंद करून गेल्यास थर्मोस्टॅटला ऊब कधी पोहोचणारच नाही आणि बॉयलर उगाच धडपडत राहील. बाकीच्या खोल्यांतील व्हॉल्व्ह कमी करावेत, पण पॉलिसीने सांगितलेला आकडा सगळ्या घराला लागू असेल तर चांदणीच्या खुणेपर्यंत खाली नेऊ नयेत. आतली दारे उघडी ठेवावीत. सिंकखालच्या कपाटांची दारेही उघडी ठेवावीत म्हणजे तेथील पाइपांना हवा लागेल. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर माळ्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे.

बॉयलर गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर असेल तर तेथे ‘फ्रॉस्ट थर्मोस्टॅट’ बसवून घेणे चांगले. तापमान सुमारे ५ अंशांवर आले की तो टायमरला न जुमानता बॉयलर सुरू करतो. आजच्या बहुतेक बॉयलरमध्ये अशी सोय आतच असते, पण तिची मर्यादा ओळखावी. ती बॉयलरला वाचवते, दूरच्या स्नानगृहातील पाइपाला नाही. आणि ती चालण्यासाठी वीज व गॅस दोन्ही सुरू असावे लागतात. निघताना ‘सगळे बंद केले म्हणजे बरे’ म्हणून मुख्य स्विच खाली ओढणारे ही राखणदारीच बंद करून जातात. गॅसच्या बॉयलरऐवजी बाहेर बसवलेला हीट पंप असेल तर वीज मुळीच तोडू नये. त्याच्या बाहेरच्या भागातही पाणी गोठण्याचा धोका असतो.

मीटर आगाऊ पैसे भरण्याचा असेल तर हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. गॅस वापरला नाही तरी रोजचा ठरावीक आकार त्यातून कापला जातो. शिल्लक संपली की गॅस थांबतो आणि त्याबरोबर हीटिंगही. म्हणून जाण्यापूर्वी पूर्ण मुदतीचा हिशेब करून रक्कम भरावी. गॅस आणि विजेचे मीटर वेगळे असतील तर दोन्हींत.

दूर बसून नियंत्रण

घरापासून दूर राहून हीटिंग चालवण्याची कल्पना नवी नाही. थर्मोस्टॅट स्वतःच त्या वाटेवरचा पहिला टप्पा होता. अमेरिकेत वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विजेच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले, त्याआधी भट्टीकडे माणसाने जाऊन झडप उघडावी-मिटावी लागे. पुढे टेलिफोनच्या तारेवरून, मग मोबाइलच्या संदेशावरून हीटर चालू करणारी यंत्रे आली. २०११ मध्ये अमेरिकेत ‘नेस्ट’ आणि २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘हाइव्ह’ हे इंटरनेटवर चालणारे थर्मोस्टॅट बाजारात आले. आता गावी ओट्यावर बसून बर्मिंगहॅमच्या घराचे तापमान पाहता येते आणि बदलताही येते.

सोय मोठी आहे, पण तिच्यावर आंधळा भरवसा ठेवू नये. जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्या आज्ञावलीतील दोषामुळे अनेक थर्मोस्टॅटची बॅटरी उतरली आणि ऐन थंडीत घरे गार पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटची इंटरनेट सेवा कंपनीने बंद केली. ते भिंतीवरून चालतात, पण दुरून चालत नाहीत. ब्रिटनमधील मोबाइल कंपन्यांनी जुनी टू-जी सेवा २०३३ पर्यंत बंद करायचे ठरवले आहे. त्या सेवेवर चालणारी साधने तेव्हा निरुपयोगी होतील. वस्तू आपली असली तरी तिची अर्धी किल्ली दुसऱ्याच्या हातात असते, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे.

म्हणून असे साधन विकत घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट तुटले तर ठरवलेले तापमान ते स्वतःच्या बळावर राखील काय? वीज जाऊन परत आली तर ते आपोआप पूर्ववत चालू होईल काय? घर ठरावीक अंशाच्या खाली गेले तर ते फोनवर सूचना देईल काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तरच घ्यावे. निघताना राउटर बंद करू नये. आणि फोनवरील ताबा कुटुंबातील आणखी एका विश्वासू व्यक्तीलाही द्यावा; सूचना आली तेव्हा आपण विमानात असू शकतो.

सूचना आल्यावर घरी जाणारे कोणी नसेल तर त्या सूचनेचा उपयोग काय? गोठलेली नळी फोनवरून वितळत नाही. म्हणून एक किल्ली जवळ राहणाऱ्या माणसाकडे असलीच पाहिजे.

सर्वांत स्वस्त उपाय

इतके सगळे केल्यावरही एक साधा उपाय उरतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य नळ, ज्याला स्टॉपकॉक म्हणतात, तो बंद करून जावे. तो बहुधा स्वयंपाकघरातील सिंकखाली असतो. बंद केल्यावर थंड पाण्याचे नळ उघडून साठलेले पाणी काढून टाकावे. मग पाइप फुटलाच तरी नुकसान त्यात उरलेल्या पाण्यापुरते राहते. रेडिएटरचे पाणी आधुनिक यंत्रणेत स्वतंत्र बंद चक्रात फिरते, त्यामुळे मुख्य नळ बंद असूनही हीटिंग चालते. मात्र त्या चक्राचा दाब निघण्यापूर्वी पाहावा. थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. हळूहळू गळणारा सांधा असेल तर दाब उतरून बॉयलर बंद पडेल. माळ्यावर टाकी असलेल्या जुन्या यंत्रणेत काय बंद करावे हे जाणकाराला विचारूनच ठरवावे.

परत आल्यावर आधी घर फिरून ओल पाहावी, मगच मुख्य नळ हळू उघडावा. साठवणीच्या टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावे आणि सर्व नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि ते तुषारांतून फुप्फुसात जातात. म्हणून शॉवरचे तोंड बादलीत धरून पाणी सोडावे, तुषार उडू देऊ नयेत.

आपल्या तरुणांसाठी

या विषयात रोजगारही आहे, पण नियम कडक आहेत. ब्रिटनमध्ये गॅसच्या साधनाला हात लावण्याचा अधिकार फक्त ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नाव असलेल्या कारागिराला आहे. एप्रिल २००९ मध्ये या नोंदवहीने जुन्या ‘कॉर्गी’ची जागा घेतली. घरी आलेल्या कारागिराचे ओळखपत्र पाहावे. तो ओळखीचा, आपल्या जमातीचा असला तरी पाहावे. ज्याच्याकडे ही पात्रता नाही त्यालाही एक प्रामाणिक काम करता येते, ते म्हणजे रिकाम्या घरांची हिवाळी देखरेख. आठवड्यातून एकदा जायचे, तापमान व दाब पाहायचे, बाहेरची नळी पाहायची, आणि तारीख-वेळेसह वहीत लिहून मालकाला पाठवायचे. विमा कंपनीने विचारलेच तर हीच वही मालकाच्या उपयोगी पडेल. यात भांडवल जवळजवळ नाही. लागते ती अमानतदारी. दुसऱ्याची किल्ली सांभाळणाऱ्याचा शब्द पक्का हवा.

उजळणी

एका घरातून एका अंशाच्या फरकाला १५० वॅट उष्णता बाहेर जाते. बाहेरचे सरासरी तापमान ४ अंश आहे. घर १२ अंशांवर ठेवून मालक २१ दिवसांसाठी उमऱ्याला गेला. किती युनिट उष्णता लागेल? (उत्तर : फरक ८ अंश, ८ गुणिले १५० म्हणजे १२०० वॅट, दिवसाला २८.८ युनिट, २१ दिवसांत सुमारे ६०५ युनिट.) हेच गणित आपल्या घराचे आकडे घालून करावे आणि मगच आदल्या रात्रीच्या वादाला बसावे.

आधी उंटाचे दावे बांधावे आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्याला माहीत आहे. थर्मोस्टॅट खाली आणणे, मुख्य नळ बंद करणे, पॉलिसी वाचणे आणि किल्ली विश्वासू हाती देणे ही या काळातील दावी होत. ती बांधली की माणूस निश्चिंत मनाने तवाफ करू शकतो किंवा गावच्या लग्नात जेवायला बसू शकतो.